मुलामुलींनी सायकल केव्हा आणि कशी शिकावी?

मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा घरात कौतुक होते. पहिला शब्द बोलते तेव्हा शेजारीपाजारी बोलावून ऐकवले जाते. शाळेत नाव घातले की पेढे वाटले जातात. पण मूल सायकल शिकले तो दिवस मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. वास्तविक हा दिवस लहान नव्हे. आईबापाचा हात सोडून, स्वतःच्या पायांच्या बळावर, स्वतः ठरवलेल्या दिशेने मूल पहिल्यांदा जाते ते सायकलवर. शाळा, वाचनालय, दवाखाना, पुढे कॉलेज आणि कामाची जागा, ही सारी ठिकाणे त्या दिवसापासून जवळ येतात.

कष्टकरी घराला तर सायकलचे मोल सांगायला नको. गिरणीत, कारखान्यात, दारूगोळ्याच्या फॅक्टरीत पाळीवर जाणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने सायकलवरच संसार ओढला. दुधाची किटली, पिठाचा डबा, रॉकेलचा कॅन, पुढे दांड्यावर एक मूल आणि मागे कॅरिअरवर दुसरे, असे चित्र खडकीपासून नागपूरच्या अंबाझरीपर्यंत कितीतरी वसाहतींत दिसत असे. आज दारात मोटारसायकल आली, रिक्षा आली. पण मुलांसाठी सायकलला पर्याय नाही. तिला पेट्रोल लागत नाही, परवाना लागत नाही, आणि ती मुलाच्या अंगात ताकद व मनात धीटपणा आणते. म्हणून सायकल केव्हा आणि कशी शिकवावी, याचा आम्ही येथे थोडा तपशिलाने विचार करणार आहोत.

हाफ पायडलची शाळा

मागच्या पिढीत लहान मुलांची सायकल फक्त श्रीमंतांच्या घरी असे. बाकीच्यांना शिकायला मिळे ती वडिलांची किंवा काकांची काळी, बावीस नाहीतर चोवीस इंची सायकल. शिटावर बसले तर पाय पायडलला पोहोचत नसत. मग मुलांनी आपली युक्ती काढली. डावा पाय डाव्या पायडलवर, उजवा पाय दांड्याखालच्या तिकोनातून पलीकडच्या पायडलवर, डावा हात हँडलला आणि उजव्या काखेत शीट! अंग वाकडे, सायकल वाकडी, आणि पायडल पुरते फिरवायचे नाही, नुसते अर्धे खाली-वर करायचे. हेच ते ‘हाफ पायडल’. ते साधले की ‘फुल पायडल’, मग दांड्यावरून, आणि उंची वाढल्यावर शेवटी शिटावर. शाळेतल्या इयत्तांसारख्या या इयत्ता होत्या.

घरची सायकल बाप कामावर घेऊन गेला की उरे ती भाड्याची. नाक्यावरचा सायकलवाला वहीत नाव व वेळ लिहून तासावर सायकल देई. चौघे मित्र पैसे जमवत आणि एका तासाचे चार वाटे करत. एकजण चालवायचा आणि तिघे मागून धावायचे. आज ही भाड्याची दुकाने बहुतेक ठिकाणी उरली नाहीत.

ही शाळा कडक होती आणि तिची फी गुडघ्यांनी भरावी लागे. शिवाय ती बहुतांशी मुलांचीच होती. परकर सावरत दांड्याखालून पाय घालायला मुलीला कोण देणार? म्हणूनच आज आजी झालेल्या आपल्या कितीतरी भगिनींना सायकल येत नाही. त्यांची कुवत नव्हती असे नव्हे, त्यांना कुणी संधीच दिली नाही.

सायकल पडत का नाही?

शिकवणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे. उभी सायकल सोडली की पडते, चालती सायकल पडत नाही. पुष्कळांना वाटते की चाकांच्या गरगर फिरण्यामुळे ती उभी राहते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. १९७० साली इंग्लंडमधल्या डेव्हिड जोन्स या शास्त्रज्ञाने पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारे दुसरे चाक बसवून हा परिणाम जवळजवळ नाहीसा केला, तरी सायकल चालवता आली. २०११ साली नेदरलँड्स व अमेरिकेतल्या संशोधकांनी तर अशी सायकल बनवून दाखवली, की जिच्यात फिरत्या चाकांचा हा गुण जवळपास उरलाच नव्हता. तरीही ढकलून सोडल्यावर ती आपली आपण सावरत गेली.

मग खरे कारण काय? सायकल ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला पुढचे चाक वळले, तर चाके पुन्हा अंगाखाली येतात आणि तोल सावरतो. तळहातावर काठी उभी धरणारे मूल पाहा. काठी उजवीकडे झुकली की ते हातही उजवीकडेच नेते. सायकलस्वार हेच करत असतो, पण इतके बारीक की त्याचे त्यालाही कळत नाही. नवशिका मात्र घाबरतो, आणि डावीकडे पडू लागला की हँडल उजवीकडे ओढतो. तिथेच तो आपटतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, शिकण्याचा खरा विषय तोल हा आहे, पायडल मारणे नव्हे. दुसरी, अगदी हळू चालवणे अधिक अवघड असते. थोडा वेग आला की सायकल स्वतःच मदत करते.

सायकलचा इतिहासही हेच सांगतो. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस याने दोन चाकांचे जे पहिले वाहन केले, त्याला पायडल नव्हतेच. त्यावर बसून पायांनी जमीन मागे ढकलत जायचे. पायडल आले १८६० नंतरच्या दशकात. दोन्ही चाके जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन, असा आजचा आकार १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने रूढ केला, आणि १८८८ साली डनलपने हवेचा टायर आणला. म्हणजे माणसाने आधी तोल शोधला आणि पायडल नंतर. मुलानेही त्याच क्रमाने शिकावे.

कोणत्या वयात?

पाचव्या वर्षी की दहाव्या, असे पालक विचारतात. नुसते वय पाहू नये. मूल एका पायावर काही क्षण उभे राहू शकते का, धावता धावता सांगितल्याबरोबर थांबू शकते का, दोन सूचना लक्षात ठेवते का, हे पाहावे. हे जमत असेल तर बहुतेक मुले चार ते सात वर्षांच्या दरम्यान शिकू शकतात. २०२२ साली पोर्तुगालच्या संशोधकांनी तिथल्याच सुमारे २,००० जणांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. बिनपायडलच्या छोट्या सायकलवर सुरुवात केलेली मुले सरासरी चारच्या थोड्या पुढे शिकली. बाजूला आधाराची चाके लावून शिकणारी सहाच्या सुमारास, आणि थेट सायकलवर बसवलेली सातनंतर.

पण ज्यांच्या घरी तेव्हा सायकल नव्हती त्यांनी वेळ गेली असे मानू नये. दहा, पंधरा, चाळीस, कोणत्याही वयात सायकल येते. मोठ्या माणसाला पडण्याची भीती जास्त असते, एवढाच फरक.

मात्र एक भेद पालकांनी पक्का ध्यानात ठेवावा. सायकल चालवता येणे वेगळे आणि रहदारीत चालवता येणे वेगळे. समोरून येणारी गाडी किती वेगात आहे आणि किती लांब आहे, याचा अंदाज लहान मुलांना नीट येत नाही. म्हणून साधारण दहा वर्षांपर्यंत मुलाला मोठ्या रस्त्यावर एकटे पाठवू नये.

सायकल कशी असावी?

‘मोठी घेऊ, पुढे कामाला येईल’, हा विचार कपड्यांच्या बाबतीत ठीक, सायकलच्या बाबतीत नव्हे. शिकताना शिटावर बसून दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत. चार-पाच वर्षांच्या मुलाला बहुधा बारा ते सोळा इंची चाकाची, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला वीस इंची चाकाची सायकल पुरते. तरी मुलाला प्रत्यक्ष बसवूनच ठरवावे.

नवी घेणे परवडत नसेल तर जुनी घ्यावी. ब्रेक धरतात का, हँडल घट्ट आहे का, चाक डुलते का, टायर चिरलेला नाही ना, एवढे तपासावे. चेनवर कव्हर असावे. लहान सायकल दोन वर्षांत मुलाला अपुरी पडते, म्हणजे ती नात्यात आणि शेजारात फिरायलाच हवी. वस्तीतल्या मंडळाने किंवा महिला मंडळाने वर्गणी काढून दोन जुन्या लहान सायकली घेतल्या, तर साऱ्या गल्लीची मुले शिकू शकतील. रविवारी सकाळी विहाराचे किंवा शाळेचे पटांगण मोकळे असते. जागा तीच पुरे.

शिकवण्याची सोपी रीत

पहिली पायरी : दोन्ही पायडल काढून ठेवा. साधा पाना पुरतो. पण लक्षात असू द्या, उजवे पायडल नेहमीसारखे उलट दिशेने सुटते, तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. जोर करून आटे खराब करू नका. जमत नसेल तर सायकलवाल्याकडून दोन मिनिटांत काढून घ्या. शीट खाली करा.

दुसरी पायरी : ब्रेक शिकवा. सायकल हातात धरून चालत असताना मुलाला ब्रेक दाबायला लावा. दोन्ही ब्रेक बरोबर आणि बेताने दाबायचे. पुढचा एकटाच कचकन दाबला तर सायकल उलटते. थांबता येते हे कळले की निम्मी भीती जाते.

तिसरी पायरी : मोकळ्या, किंचित उताराच्या जागी मुलाला शिटावर बसवून पायांनी जमीन ढकलत चालायला सांगा. आधी चालणे, मग लांब ढांगा, मग दोन्ही पाय उचलून थोडे घरंगळणे. हळूहळू पाय जमिनीला न लावता दहा-पंधरा पावलांचे अंतर जाऊ लागले की समजा, तोल आला.

चौथी पायरी : नजर. मूल पायांकडे किंवा पुढच्या चाकाकडे पाहते. त्याला दूरचे झाड दाखवा आणि तिकडेच बघायला लावा. जिकडे नजर, तिकडे सायकल. म्हणूनच ‘दगड बघ, दगड बघ’ म्हणून ओरडले की मूल नेमके दगडावर जाते! ‘मोकळ्या वाटेकडे बघ’ असे सांगावे.

पाचवी पायरी : आता पायडल लावा. एक पायडल वर आणि किंचित पुढे ठेवून त्यावर जोर देऊन निघायचे. शिकवणाऱ्याने हँडल मुळीच धरू नये. हँडल धरले की तोल तुमचा होतो, मुलाचा नव्हे. मुलाच्या पाठीला किंवा खांद्याला हलका हात लावून शेजारी धावावे. शीट धरले तरी सैल धरावे.

सहावी पायरी : सरळ जाणे जमल्यावर मोठी वळणे, मग आठचा आकडा, मग एक हात सोडून इशारा करणे, आणि मान वळवून मागे पाहताना सायकल सरळ ठेवणे. ही शेवटची गोष्ट रस्त्यावर जीव वाचवते.

रोज अर्धा तास पुरे. मूल दमले की थांबावे. बाजूच्या आधाराच्या चाकांबद्दल विचाराल, तर आमचे मत असे की ती टाळावीत. त्यांच्यामुळे सायकल कलतच नाही, आणि कलल्याशिवाय सावरणे कसे येणार?

आणि रागावू नका. ‘एवढे पण जमत नाही का?’ हे वाक्य गुडघ्याच्या जखमेपेक्षा जास्त दिवस दुखते.

पडणार, पण जपून

मूल पडणारच. खरचटल्यास जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने स्वच्छ धुवावी. हळद, चुना, माती, तंबाखू असले काही भरू नये. धनुर्वाताची लस वेळेवर दिली आहे ना ते पाहावे. सरकारी लसीकरणात ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही मोफत मिळते. डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली किंवा मूल विचित्र वागू लागले, तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. हेल्मेट घेता आले तर अवश्य घ्यावे, आणि ते कपाळावर खाली, पट्टा लावून घालावे.

दोन अपघात मात्र पूर्ण टाळता येतात. कॅरिअरवर बसवलेल्या लहान मुलाचा पाय मागच्या चाकाच्या तारांत जातो आणि टाच सोलून निघते. पाय ठेवायला पट्टी आणि चाकाला जाळी असल्याशिवाय लहान मुलाला मागे बसवू नये. दुसरा, ओढणीचा किंवा पदराचा. लोंबती ओढणी चाकात गुंतून गळ्याला फास बसू शकतो. ती काढून ठेवावी किंवा कमरेला घट्ट बांधावी.

मुलगी आणि सायकल

आता मुख्य मुद्दा. मुलगा दहाव्या वर्षी सायकल मागतो तेव्हा घर पैसे जमवू लागते. मुलगी मागते तेव्हा ‘कशाला?’ असे विचारले जाते. काही घरांत आणखी एक शंका कुजबुजली जाते, की सायकल चालवल्याने मुलीच्या शरीराला काही होईल, लग्नात अडचण येईल. याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. शरीराच्या पडद्यावरून मुलीची परीक्षा करणेच अशास्त्रीय आहे, आणि २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा चाचण्या बंद कराव्यात असे स्पष्ट सांगितले आहे. पाळीच्या दिवसांतही मुलीला बरे वाटत असेल तर सायकल चालवायला हरकत नाही.

सायकल नसल्याने काय जाते, ते पाहा. गावात सातवीपर्यंत शाळा, पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर. मुलगा कसाही जातो, मुलगीचे शिक्षण थांबते. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. योजनेमुळे माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे व मुली यांच्यातले अंतर ४० टक्क्यांनी घटले. जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब, तिथे फायदा अधिक. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य देण्यात आले आहे. चालू वर्षी आपल्या तालुक्यात काय मिळते, याची चौकशी पालकांनी मुख्याध्यापकांकडे जरूर करावी.

आणि आया? तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता मोहिमेत अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ती कल्पना उचलून धरली. शेतमजूर, दगडखाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिले आहे की थोड्याच काळात एक लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांनी सायकल आत्मसात केली. सुरुवातीला त्यांना घाणेरडे टोमणे ऐकावे लागले. लेडीज सायकली मिळेनात, तेव्हा त्यांनी दांड्याच्या पुरुषी सायकली घेतल्या, आणि दांड्यावर मूल बसवता येते म्हणून काहींना त्याच आवडल्या! अमेरिकेत स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या फ्रान्सिस विलर्ड वयाच्या ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या आणि त्यावर १८९५ साली त्यांनी पुस्तक लिहिले. तेव्हा आपल्या भगिनींनी ‘आता या वयात?’ असे म्हणू नये.

सायकल आणि मान

सायकलवर बसणे ही गोष्ट आपल्या समाजाच्या वाट्याला सहज आलेली नाही, हे मुलांना ठाऊक असावे. तामिळनाडूतील काही गावांत दलितांनी वरच्या आळीतून सायकलवर बसून जाऊ नये, उतरून हातात धरून न्यावी, असा दंडक असल्याच्या नोंदी या शतकातल्याही आहेत. ही गोष्ट कायद्यालाही लिहून ठेवावी लागली. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात सुधारणा होऊन त्या २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाल्या. त्यानुसार सार्वजनिक ठिकाणी सायकल वा मोटारसायकल चालवण्यापासून, चप्पल किंवा नवे कपडे घालण्यापासून, लग्नाची वरात काढण्यापासून या समाजाच्या माणसाला अडवणे हा गुन्हा आहे. एका साध्या सायकलचे नाव कायद्यात घालावे लागते, यावरून काय ते समजावे.

म्हणून आपले मूल सायकलवर ताठ बसून भररस्त्याने शाळेत जाते, तेव्हा ते नुसते शाळेत जात नाही. जो रस्ता साऱ्यांचा आहे, तो आपलाही आहे, हे ते न बोलता सांगत असते.

रस्त्याचे नियम

हा मान नियमांसह शोभतो. डाव्या बाजूने चालवावे. तिघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ नये. वळण्यापूर्वी मागे पाहून हात दाखवावा. उभ्या मोटारीच्या दाराजवळून घासून जाऊ नये, दार अचानक उघडते. ट्रक-बसच्या डाव्या बाजूने, वळणावर, पुढे घुसू नये, कारण चालकाला ती बाजू दिसत नाही. अंधारात पुढे दिवा आणि मागे लाल चकाकी हवीच. कानात गाणी लावून चालवू नये. आणि आठवड्यातून एकदा मुलाने स्वतः हवा, ब्रेक आणि चेन तपासावी, पंक्चर कसे काढतात ते सायकलवाल्याजवळ उभे राहून पाहावे. स्वतःचे वाहन स्वतः राखायची सवय पुढे आयुष्यभर उपयोगी पडते.

आमची पालकांना एवढीच विनंती आहे. येत्या सुट्टीत मोबाईलचा रिचार्ज थोडा कमी करा, एखादी जुनी सायकल शोधा, आणि घरातल्या मुलीचा नंबर पहिला लावा. पटांगणात तिच्यामागे धावायला अर्धा तास काढा. काही दिवसांत ती तुमच्या हातातून सुटून पुढे जाईल. तेव्हा हाका मारून तिला थांबवू नका, जाऊ द्या. ती वळून परत येईल, कारण वळायलाही तुम्हीच शिकवलेले असेल.